एका बाटलीतली दोन औषधं

प्रश्न (कराड): डोळ्याचा दाब २६ निघाल्यापासून मी टिमोलॉल आणि डॉर्झोलामाइड या थेंबांच्या दोन बाटल्या वापरत होतो. आता डॉक्टरांनी दोन्ही बंद करून एकच दिली. एकीनं भागेल का? जुन्या अर्ध्या उरल्यात, त्या संपवू का?

भागेल. नव्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा: डॉर्झोलामाइड २ टक्के, टिमोलॉल ०.५ टक्के. तुमचीच दोन औषधं, आता एका थेंबात. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं. ही दोन्ही औषधं ते कमी करतात, पण वेगवेगळ्या वाटांनी. म्हणून दोन्ही मिळून दाब जास्त उतरतो.

दोन बाटल्या असताना घाईत दुसरा थेंब लगेच टाकला की तो पहिल्याला गालावर वाहून नेतो, कारण डोळ्यात पुरता एक थेंबही मावत नाही. मध्ये किमान ५ मिनिटं सोडावी लागतात आणि रोज ती कोणी सोडत नाही. एका बाटलीनं ही अडचण मिटते, शिवाय डोळ्याला झोंबणारं प्रिझर्व्हेटिव्हही (औषध टिकवणारं रसायन) डोळ्यात कमी जातं.

जुन्या बाटल्या मात्र टाकून द्या. नव्या बाटलीबरोबर त्या चालू ठेवल्या तर टिमोलॉल दुप्पट जातं, नाडी मंदावू शकते, चक्कर येऊ शकते. मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तरी नावावर जाऊ नका, घटक आणि टक्के ताडून घ्या.

प्रश्न (जत): वडिलांना दमा आहे. थेंब सुरू झाल्यापासून रात्री धाप लागते. डोळ्याच्या औषधानं असं होतं का?

होतं, आणि हे उद्यावर ढकलण्यासारखं नाही. बाटलीवर टिमोलॉल लिहिलंय का, आत्ताच बघा. असेल तर पुढचा थेंब टाकण्याआधी डॉक्टरांना फोन करा. धाप जास्त असेल तर थेट दवाखाना गाठा. डोळ्यातला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून सरळ रक्तात जातो. गोळीसारखा आधी यकृतातून जात नाही, म्हणून एवढासा थेंबही श्वासनलिका आवळू शकतो. दमा, जुना श्वासविकार, फार मंद नाडी किंवा हार्ट ब्लॉक (हृदयाच्या ठोक्यांचा संदेश अडणं) असणाऱ्यांना टिमोलॉलची कोणतीच जोडी देत नाहीत. मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची धडधड ते झाकून टाकतं, हेही लक्षात असू द्या.

टिमोलॉल नसलेली जोडीही मिळते: ब्रिंझोलामाइड १ टक्का आणि ब्रिमोनिडीन ०.२ टक्के. ती वापरण्याआधी बाटली नीट हलवायची, नाहीतर औषध तळाशीच राहतं. तिनं तोंड कोरडं पडतं, जीभ कडवट होते, थोडा वेळ अंधूक दिसतं, काहींना झोप येते. ट्रॅक्टर किंवा गाडी चालवण्याआधी आपल्याला ती कशी मानवते ते बघा. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. ही बाटली नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. ब्रिमोनिडीन २ वर्षांखालच्या मुलांना धोकादायक आहे.

प्रश्न (तासगाव): आईचे थेंब निम्मे गालावर जातात. ५ मिलीची बाटली वीस दिवसांत संपते. हात थरथरतो, मी बागेत असतो.

दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा म्हणजे २८ दिवसांत ११२ थेंब. बाटलीत साधारण तेवढेच असतात, उधळायला शिल्लक राहत नाही. आईंना उताणं झोपवा. खालची पापणी ओढून खळगा करायचा, बाटलीचा हात कपाळावर टेकवायचा आणि एकच थेंब सोडायचा. टोक पापणीला लागू द्यायचं नाही, लागलं की जंतू बाटलीत जातात. मग डोळा अलगद मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं २ मिनिटं दाबून ठेवायचा. यानं औषध डोळ्यात राहतं आणि रक्तात कमी जातं. थेंब टाकून जोरजोरात उघडझाप करणं ही मोठी चूक, ती बरंच औषध बाहेर ढकलते.

तरी जमलं नाही तर झोपूनच डोळा मिटायचा, थेंब नाकाकडच्या कोपऱ्यात पाडायचा आणि मग डोळा उघडायचा. तो आपोआप आत जातो. आणि तुम्ही टाकणार असाल तर फवारणीवरून आल्यावर आधी हात साबणानं धुवा. बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा) अंश डोळ्यात गेला तर औषधापेक्षा तोच जास्त जाळेल.

प्रश्न (सांगली): एप्रिलमध्ये घर तापतं. बाटली फ्रिजमध्येच ठेवायची का?

बाटलीप्रमाणे बदलतं. लॅटानोप्रोस्ट (हेही दाब उतरवणारं औषध) आणि टिमोलॉलची जोडी न उघडता २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात फ्रिजचं दारच बरं. फ्रीझरमध्ये मात्र कधीच नको. गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत राहिलेली बाटली वापरू नका. उघडल्याची तारीख पेननं बाटलीवर लिहा. बहुतेक बाटल्या ४ आठवड्यांनी टाकायच्या असतात, उरल्या तरी. लॅटानोप्रोस्टची जोडी दिवसातून एकदाच टाकायची. जास्त वेळा टाकली तर परिणाम वाढत नाही, उलट घटू शकतो.

प्रश्न (वाई): दाब १५ वर आला. आता बंद करू का? तपासणीच्या दिवशी थेंब टाकायचे का?

१५ आहे तो थेंबांमुळेच. बंद केले की दाब काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा चढेल. तेव्हा दुखणार नाही, कडेची नजर हळूहळू जाईल आणि गेलेली परत येत नाही. नुसता दाब जास्त आहे, डोळ्याची नस शाबूत आहे, अशा माणसाचं औषध कधी थांबवतात, पण ते नसेची तपासणी आणि नजरेचा नकाशा (कडेची नजर मोजणारी चाचणी) बघून डॉक्टरांनीच ठरवायचं. कोणाला १५ पुरतो, कोणाला १२ लागतो.

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर तपासणीच्या सकाळीही थेंब नेहमीसारखे टाका आणि किती वाजता टाकले ते सांगा. न टाकता गेलात तर चढलेला आकडा बघून औषध उगाच वाढवलं जाईल. मधली एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा टाका. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन थेंब एकदम नकोत.