इसबगोल : किती, कधी, कशाबरोबर?

प्रश्न : वय ५२, मधुमेह नाही. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५८ निघालं. रोज रात्री झोपताना कोमट दुधातून चहाचा एक चमचा इसबगोल घेते. दोन महिन्यांनी एलडीएल १५५. मग याचा उपयोग नाही असं समजायचं का? (वाचक, गुहागर)

उत्तर : उपयोग आहे, पण तुमचा चमचा पोट साफ होण्यापुरता आहे. कोलेस्टेरॉलसाठी दिवसाला इसबगोलची सुमारे १० ग्रॅम भुसी लागते, तेव्हा कुठे ७ ग्रॅम विरघळणारे तंतू पोटात जातात. चहाच्या चमच्यात जेमतेम दोनेक ग्रॅम मावते.

वेळही चुकते आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती जेवताना आतड्यात उतरतात आणि एरवी बहुतेक सगळी परत शोषली जातात. भुसीचा चिकट गर त्यांना धरून शौचावाटे बाहेर नेतो. तूट भरायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. म्हणून भुसी जेवणाबरोबर हवी, झोपताना नको.

पहिल्या आठवड्यात फक्त दुपारच्या जेवणाला ३ ग्रॅम, दुसऱ्या आठवड्यात दोन्ही जेवणांना ३-३, तिसऱ्यापासून ५-५. एकदम १० ग्रॅम सुरू केलं की पोट फुगतं, गॅस होतो आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. साधी आणि दळलेली भुसी एकाच चमच्यात सारखी भरत नाही. त्यामुळे डिजिटल काट्यावर एकदा ५ ग्रॅम मोजा, ते कोणत्या चमच्यात किती भरतात ते बघा आणि तोच चमचा बरणीत ठेवा. पेलाभर, म्हणजे २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्या, वर अर्धा पेला पाणी घ्या. दोन-चार मिनिटं ठेवलं तर खळीसारखं घट्ट होतं. मग आणखी पाणी घाला. कोरडी भुसी तोंडात टाकून वर घोटभर पाणी, असं कधीही करू नका. ती अन्ननलिकेत फुगून अडकते. घेतल्यावर छातीत दुखलं, गिळता येईना किंवा श्वास लागला, तर थेट रुग्णालय गाठा. आधीपासून गिळायला त्रास असेल किंवा आतडं अरुंद झालं असेल, तर इसबगोल घेऊच नका.

नेमाने घेतलंत तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं, म्हणजे १५८ चं १४२ ते १५०. पूर्ण मात्रा सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासा. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसरी चरबी) याने उतरतील असा फारसा भरवसा ठेवू नका.

आणि वाटणाकडे बघा. खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नसतं हे खरं; पण ५० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे १५ ग्रॅम संपृक्त चरबी असते, म्हणजे जवळजवळ दिवसभराची मर्यादा. तिनेच एलडीएल चढतं. सकाळी चटणी, दुपारी आमटीत वाटण, वर सोलकढी असं चालू राहिलं तर भुसीची मेहनत वाया जाते. सोलकढीऐवजी फुटी कढी करा, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घाला, वाटण निम्मं करा.

प्रश्न : यजमानांची मागल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने) पाय दुखतात म्हणतात. गोळी सोडून इसबगोलवर भागेल? (वाचक, मालवण)

उत्तर : नाही, कृपया गोळी बंद करू देऊ नका. स्टॅटिनने एलडीएल ३० ते ५० टक्के उतरतं, इसबगोलने ५ ते १०. अँजिओप्लास्टीनंतर ते ७० च्या खाली, बऱ्याचदा त्याहूनही कमी ठेवायचं असतं. पायदुखी डॉक्टरांना आजच सांगा. ते रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) तपासतील, मात्रा कमी करतील किंवा दुसरं स्टॅटिन देतील. दुखण्याबरोबर अशक्तपणा आला किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दाखवा. त्यांना विचारून गोळीच्या जोडीला इसबगोल घेता येतं. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केल्यावर जेवढं जास्तीचं एलडीएल उतरतं, साधारण तेवढाच फरक त्याने पडतो.

मात्र भुसीचा गर औषधंही अडकवून ठेवतो. इतर गोळ्या भुसीच्या तासभर आधी किंवा दोन ते चार तासांनी घ्या. थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवंच. वॉरफरिन, डिगॉक्सिन किंवा लिथियम चालू असेल तर विचारल्याशिवाय सुरू करू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुरुवातीला साखर वरचेवर तपासावी, ती खाली येऊ शकते.

प्रश्न : नाचणीची भाकरी आणि गव्हाचा कोंडा खाऊन हेच काम होईल ना? (वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : नाही. दोन्हींतले तंतू मुख्यतः न विरघळणारे. शौचाला चांगले, पण पित्ताम्लं धरत नाहीत. भाकरी जरूर खा. विरघळणाऱ्या तंतूंसाठी ओट्स, जव आणि कडधान्यं वाढवा.

प्रश्न : पावसाळ्यात भुसीचे गोळे होतात. चालेल का? (वाचक, दापोली)

उत्तर : गोळे झालेली, कुबट वास येणारी भुसी टाकून द्या. गोळा पाण्यात नीट सुटत नाही, तसाच घशात जातो. जून ते सप्टेंबर मोठं पाकीट आणू नका. छोटं आणा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत चुलीपासून लांब ठेवा, आणि चमचा कोरडा असू द्या.