जुनी अमेरिकन रिव्हॉल्व्हर जमवायची आहेत. काळवंडलेलं मिळालं तर घासून चकचकीत करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की डॅलसला राहता, ‘वाइल्ड वेस्ट’ काळातली रिव्हॉल्व्हर जमवायची आहेत, सुरुवात कशापासून करावी आणि काळं पडलेलं हत्यार साफ करून घ्यावं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. कुणालाही हात लावू देऊ नका, घरच्या माणसाला तर मुळीच नाही.

मी ओक्लाहोमातल्या तल्साला राहते. 2012 साली इथून तासाभराच्या अंतरावर एका फार्महाउसवर इस्टेट सेल, म्हणजे घरातल्या सामानाची विक्री होती. तिथे शिवणयंत्राच्या खणात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली कोल्ट कंपनीची 1851 ची ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर मला मिळाली. छत्तीस कॅलिबर, साडेसात इंची अष्टकोनी नळी, नंबरावरून 1861 च्या सुमाराची. नळीचा निळा मुलामा जाऊन तपकिरी रंग चढलेला, अक्रोडाची मूठ तळव्याच्या जागी गुळगुळीत झालेली. नळी, फ्रेम, ट्रिगरगार्ड, मुठीची पट्टी, सिलिंडर, सगळ्यांवर एकच नंबर. फक्त नळी धरून ठेवणाऱ्या पाचरीचा नंबर वेगळा. पाचर हरवायचीच, त्याचं मला काही वाटलं नाही.

नेव्हीच्या सिलिंडरवर एक चित्र असतं. 16 मे 1843 ला मेक्सिकोतल्या कांपेचेजवळ टेक्ससच्या जहाजांची मेक्सिकोच्या आरमाराशी लढाई झाली, ती ऑर्म्सबी नावाच्या कोरक्याने साच्यावर कोरली आणि तो साचा सिलिंडरवर दाबून फिरवला. माझ्या सिलिंडरवर दोन जहाजांची शिडं अजून नीट दिसतात, खालच्या लाटा झिजून गेल्यात.

आणि पितळ. मुठीची पट्टी आणि ट्रिगरगार्ड पितळेचे. दुकानात विकायच्या नेव्हींवर त्या पितळेला कारखान्यातच चांदीचा मुलामा देत. दीडशे वर्षांच्या हाताळणीत तो बहुतेक जातो. माझ्या नेव्हीवर तो ट्रिगरगार्ड फ्रेमला मिळतो त्या खोबणीत आणि पट्टीच्या वरच्या टोकाला, घोड्याच्या (हॅमरच्या) मागे, नखाएवढा उरला होता. करडा, काळपट. माहीत नसलेल्याला मळच वाटेल.

त्या वर्षी दिवाळीला माझे थोरले दीर आले होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. मी कामावर गेले होते. संध्याकाळी घरी येते तर ओट्यावर वर्तमानपत्र, त्यावर माझी नेव्ही, शेजारी वाटीत चिंचेचा कोळ, मीठ आणि भांड्यांची घासणी. पितळ देवघरातल्या समईसारखं झळझळत होतं. दादा म्हणाले, “अगं, काय कळा आली होती तिला! बघ आता.” ‘कळा’ त्यांनी वाईट अर्थाने म्हटलं. मी मेटलर्जी शिकलेली बाई, हातात भिंग घेऊन त्या खोबणीत बघत उभी राहिले. चांदी गेली होती. पट्टीच्या टोकाचीही. चिंचेचं पाणी पितळ आणि लोखंडाच्या सांध्यात उतरलं होतं. मी त्याच रात्री सगळं उकलून कोरडं केलं, तेल लावलं, तरी आठवड्यात फ्रेमच्या कडेला तांबूस गंज धरलाच. थोरल्या दिरांना काय बोलणार? सणाचा दिवस. चहा केला आणि गप्प बसले.

पुढच्या एप्रिलमध्ये तल्साच्या आर्म्स शोला ती घेऊन गेले. एका म्हाताऱ्या जाणकाराने आधी सिलिंडर बघितलं, खूश झाला. मग उलटी केली, पितळ बघितलं आणि काही न बोलता माझ्या हातात परत दिली.

दादांचं म्हणणं आजही तेच आहे: वस्तू जुनी असली म्हणून घाण ठेवायची का, आपण देवाची भांडी घासत नाही का. घासतो. कारण ती रोजच्या वापरातली आहेत आणि रोजच घासत आलोय. या पितळेवरचा थर म्हणजे ज्यांनी ती कमरेला लावली, विकली, गहाण टाकली, त्यांच्या हातांचा घाम आहे. तो एकदा गेला की पुन्हा आणता येत नाही.

निळा मुलामा पुन्हा चढवलेल्या हत्याराचंही तसंच. बफिंगच्या चाकावर धरलं की अष्टकोनी नळीच्या धारा गोल होतात, कोरलेल्या अक्षरांच्या कडा पसरतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. बोट फिरवलं तरी कळतं. नव्या फ्रेमवर जे ढगाळ निळे-तपकिरी रंग असतात, ते हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवल्यावर येतात; उन्हाने आणि हाताळण्याने ते फिके पडून राखाडी होतात. दीडशे वर्षांच्या फ्रेमवर ते रंग कालचे असल्यासारखे दिसले तर खूश होऊ नका, संशय घ्या.

सुरुवात कशापासून? पहिल्याच वर्षी पीसमेकरमागे, म्हणजे कोल्टच्या 1873 च्या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमागे, लागू नका. सगळ्यांना तेच हवं असतं, म्हणून सर्वांत जास्त बनवाबनवी त्यातच चालते. साध्या पिस्तुलावर ‘यू. एस.’ ठोकून घोडदळाचं म्हणून विकतात. सिनेमात पीसमेकरच दिसतं, पण त्या काळचा नावाजलेला बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक ज्या जोडीमुळे ओळखला जायचा ती हस्तिदंती मुठींची नेव्हीच होती. नेव्ही दोन लाखांवर बनल्या, अजून मिळतात. रेमिंग्टनची न्यू मॉडेल आर्मी बघा. तिला सिलिंडरच्या वरून फ्रेमची पट्टी जाते, नेव्हीला ती नसते. झिजलेली चालेल, नंबर जुळलेले हवेत.

पीसमेकर घ्यायचंच असेल तर आधी कोल्ट कंपनीच्या दप्तरातून त्या नंबराच्या नोंदीचं पत्र मागवा. नळीची मूळ लांबी, कॅलिबर, मूठ, कुठल्या तारखेला कुठल्या व्यापाऱ्याला पाठवलं, हे सगळं त्यात येतं. नेव्हीच्या काळच्या नोंदी मात्र फारच तुटपुंज्या आहेत. शेरीफ पॅट गॅरेटने 1881 मध्ये बिली द किड या गुंडाला ज्या कोल्टने मारलं ते 2021 मध्ये लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेलं, ते काही चकाकत होतं म्हणून नव्हे. ते कुणाच्या हातून कुणाकडे गेलं याचा माग लागत होता. दादा, हे तुम्ही वाचत असाल तर तेवढं लक्षात घ्या.

देखभाल एवढीच: मऊ सुती कापडावर दोन थेंब तेल, लोखंडावरून हलकेच. पितळेला काही नाही. म्यूझियममध्ये वापरतात ते मेण चालतं.

राहिलेलं सांगते. हातात घेतल्याबरोबर सिलिंडरची सहाही तोंडं समोर उजेड धरून बघा, पण नळी कुणाकडे रोखू नका. नेव्हीसारखी जुनी कॅप-बॉल हत्यारं (काडतूस नाही, दारू आणि गोळी सुटी भरायची) आतल्या दारूगोळ्यासकट सापडतात. काळ्या दारूच्या जुन्या पीसमेकरमध्ये आजचं काडतूस घालू नका. 1898 पर्यंतचं हत्यार फेडरल कायद्यात ‘अँटिक’ धरलं जातं, पण राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, आणि तुम्ही एच-1बी वर असाल तर नवीन हत्याराच्या भानगडीत वकिलाला विचारल्याशिवाय पडू नका. भारतात न्यायचा विचार तर सोडूनच द्या.

आणि घरी आणल्या आणल्या, पुसायच्याही आधी, खिडकीपाशी ठेवून प्रत्येक खोबणीचे जवळून फोटो काढा. माझ्याकडे सेलच्या दिवशी काढलेला एकच आहे, त्यात ट्रिगरगार्डच्या कोपऱ्यात ती करडी रेघ दिसते.