बौद्ध धम्मात स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचे स्थान आहे का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. स्त्रियांना संघात घेताना तथागत बुद्धांनी आठ अटी घातल्या असतील, तर धम्मात समता आहे असे कसे म्हणायचे? आणि नागपूरच्या विहारांत स्त्रिया प्रत्यक्षात काय करतात? मी उत्तर नागपुरातील एका विहाराच्या महिला मंडळात अनेक वर्षे आहे, म्हणून दोन्हींचे उत्तर जमेल तसे देते.

संघाच्या नियमांच्या ‘चुल्लवग्ग’ या पाली ग्रंथातील कथा अशी आहे की तथागतांना वाढवणाऱ्या त्यांच्या मावशी महाप्रजापती गौतमी केस कापून, काषाय वस्त्रे नेसून, शाक्य स्त्रियांना सोबत घेऊन वैशालीपर्यंत पायी आल्या आणि सुजलेल्या पायांनी दाराबाहेर उभ्या राहिल्या. त्यांच्या वतीने तथागतांचे शिष्य भिक्खू आनंद यांनी तथागतांना थेट विचारले की, प्रव्रज्या घेतलेली, म्हणजे घर सोडून संघात आलेली, स्त्री अर्हत्पदापर्यंत, म्हणजे पूर्ण मुक्तीपर्यंत, पोहोचू शकते का? तथागतांनी ‘पोहोचू शकते’ असे उत्तर दिले. ही मान्यता आधीची आहे आणि आठ गुरुधर्म, म्हणजे त्या आठ अटी, त्यानंतरच्या, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. तरीही शंभर वर्षांपूर्वी उपसंपदा (संघाची पूर्ण दीक्षा) घेतलेल्या भिक्खुणीने आजच उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला उठून वंदन करावे, हा पहिला गुरुधर्म वाचताना मला आजही त्रास होतो, आणि तो लपवून धम्माची बाजू मांडावी असे मला वाटत नाही. मात्र त्याच यादीत असेही म्हटले आहे की दोन वर्षे शिक्षण घेतल्यावर स्त्रीने भिक्खू आणि भिक्खुणी अशा दोन्ही संघांकडून उपसंपदा घ्यावी; ज्या क्षणी एकही भिक्खुणी नव्हती, त्या क्षणी भिक्खुणी संघाचा उल्लेख यावा कसा? म्हणूनच ही यादी, निदान आजच्या रूपात, पुढच्या काळात रचली गेली असावी असे अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटते.

स्त्रियांच्या अवनतीचा दोष बुद्धांवर ठेवणाऱ्या लेखाला बाबासाहेबांनी १९५१ मध्ये ‘महाबोधि’ या नियतकालिकातून सविस्तर उत्तर दिले आणि स्त्रियांपासून दूर राहण्याचा उपदेश करणारा उतारा भिक्खूंनी मागाहून घुसडला असल्याचे साधार मांडले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी आठ नियम वगळले नाहीत. पण तथागतांचा सुरुवातीचा नकार व्यावहारिक अडचणींमुळे होता, स्त्रीला कमी लेखल्यामुळे नव्हता, हे त्यांनी स्पष्ट केले.

थेरींच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणींच्या, गाथा वाचल्यावाचून मात्र या प्रश्नावर मत बनवू नये, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. सोमा थेरीला मार (साधकाला मोहात पाडणारा) म्हणतो की ऋषींना जे दुर्लभ, ते दोन बोटांची अक्कल असलेल्या बाईला कुठून मिळणार? अट्ठकथा, म्हणजे त्या गाथांवरची जुनी टीका, सांगते की लहानपणापासून भात रांधूनही तो शिजला की नाही हे कळायला स्त्रीला शीत दोन बोटांत दाबून पाहावे लागते, त्यावरून हा टोमणा आहे. सोमेचे उत्तर असे की चित्त नीट एकाग्र झाले असता स्त्री असण्याचा संबंधच काय? धम्मदिन्ना या भिक्खुणीने तर आपल्या पूर्वाश्रमीच्या पतीच्या अवघड प्रश्नांना उत्तरे दिली, आणि मीही हेच सांगितले असते, असे तथागतांनी त्याला म्हटले.

पुढे श्रीलंकेत अकराव्या शतकाच्या सुमारास भिक्खुणींची परंपरा खंडित झाली. १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला झालेल्या उपसंपदांनंतर ती पुन्हा सुरू झाली, तरी थायलंडसारख्या देशात तिला अजूनही अधिकृत मान्यता नाही.

नागपूरची गोष्ट थोडी निराळी आहे. येथे १९४२ च्या जुलैमध्ये अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली आणि घटस्फोटाच्या हक्काचा व बहुपत्नीत्वाच्या बंदीचा ठराव झाला. म्हणजे धर्मांतराच्या चौदा वर्षे आधीच या समाजातील स्त्रिया जाहीरपणे बोलू लागल्या होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांनी एकत्र दीक्षा घेतली, आणि मैदानावरच्या स्त्रियांनी बावीस प्रतिज्ञा कोणाच्या मार्फत नव्हे तर स्वतःच्या तोंडाने उच्चारल्या. आमच्या आजीने त्यानंतर देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने कन्हान नदीत सोडले होते.

आज वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी वंदनेनंतर ग्रंथवाचन होते आणि ते प्रामुख्याने स्त्रियाच करतात. पन्नाशीत अक्षरे शिकलेल्या एक काकू ओळीखाली बोट ठेवून वाचतात, अडल्या तर शेजारची शब्द पुरवते, आणि पान संपेपर्यंत कोणी घाई करीत नाही. महाप्रजापतींच्या प्रव्रज्येचा भाग आला त्या दिवशी एका तरुण सुनेने विचारले, “मावशी, भन्तेजी आले की आपण पंचांग प्रणाम करतो, मग आर्याजींना नुसते हात का जोडतो?” त्यावर बराच वाद झाला. एक-दोघींनी परंपरेचा दाखला दिला, पण शेवटी भिक्खुणींनाही तसाच प्रणाम करायचा असे ठरले आणि आजवर ते पाळले जाते.

पण सगळे झाले आहे असे म्हणणे खोटे ठरेल. बुद्धपौर्णिमेची खीर, विहाराची झाडलोट, घरोघरची वर्गणी स्त्रियांकडे आणि माईक, हिशेब, अध्यक्षपद पुरुषांकडे, ही वाटणी अनेक वस्त्यांत आहे. विधी करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या बौद्धाचार्या मंगल परिणय (विवाह) लावतात, तरी ‘कोणी पुरुष बौद्धाचार्य नाहीत का?’ अशी विचारणा होतेच. सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकाराने आणि जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने १९९९ मध्ये उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस बुद्ध विहार इथून जवळ कामठीला असताना, स्त्रियांना विहाराचा कारभार झेपेल का, ही शंका निदान नागपुरात तरी कोणी काढू नये. आमच्या विहाराच्या कार्यकारिणीत निम्म्या जागा स्त्रियांना असाव्यात, अशी मागणी मंडळाने लेखी दिली आहे आणि ती मान्य होईपर्यंत प्रत्येक सर्वसाधारण सभेत आम्ही ती मांडणार आहोत.