बारा तासांची नाईट आणि 'कॉन्सोलिडेटेड' पगार

प्रश्न : ताई, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली आहे. इथल्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स म्हणून काम करते. सगळा मिळून स्टाफ साठेक जणांचा. रात्री ८ ते सकाळी ८, आठवड्याचे सहा दिवस. पगार १८,००० रुपये. रिलीव्हर (पुढच्या पाळीची सिस्टर) आली नाही तर डबल ड्युटी. ओव्हरटाइमचं विचारलं तर एचआरवाले म्हणतात, "पगार कॉन्सोलिडेटेड, म्हणजे सगळं धरून एकरकमी आहे, तुम्ही सही केलीय. आणि हॉस्पिटल म्हणजे काय कारखाना आहे?" त्यांचं बरोबर आहे का? मला नोकरी सोडायची नाही.
– एक सिस्टर, सांगली

उत्तर : हॉस्पिटल कारखाना नाही, एवढंच त्यांचं बरोबर आहे. पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात 'आस्थापना' कशाला म्हणायचं ते सांगताना हॉस्पिटल, दवाखाना, प्रसूतिगृह यांचा स्पष्ट उल्लेख आहे. साठ माणसांचं हॉस्पिटल त्यातून सुटत नाही. कुशल आणि तांत्रिक काम करणारे त्यात कामगारच धरले आहेत, तेव्हा "तुम्ही प्रोफेशनल आहात" या गोड बोलण्याला भुलू नका.

२०२५ च्या दुरुस्तीनं रोजची मर्यादा ९ तासांवरून १० वर नेली. आठवड्याचे ४८ तास मात्र तसेच ठेवले. तुमचे होतात ७२. अर्ध्या तासाची सुट्टी खरोखर मिळत असेल तर ती वजा करा. (मॉनिटरवर डोळा ठेवून पोळीभाजी खाणं ही सुट्टी नव्हे; वकिलीआधी मीही वॉर्डात जेवलेय तसं.) सुट्टी धरूनही आठवड्याला २१ तास जादा उरतात. त्यांचा दर दुप्पट. १८,००० ला २६ दिवसांनी आणि मग ८ तासांनी भागलं की तासाला साडेशहाऐंशी रुपये येतात, दुप्पट १७३. म्हणजे आठवड्याला साडेतीन हजारांच्या वर. चार आठवड्यांचं तुम्हीच करा.

तीन महिन्यांत ओव्हरटाइम १४४ तासांच्या वर करून घेता येत नाही. तुमचा त्याच्या कितीतरी पुढे जातो. "मर्यादा आहे म्हणून वरचे पैसे देता येत नाहीत" असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. मर्यादा त्यांनी काम करून घेण्यावर आहे, तुमच्या पैशावर नाही. चोवीस तास जागलेल्या सिस्टरच्या हाती व्हेंटिलेटरवरचा पेशंट देणं हा तर निव्वळ निष्काळजीपणा.

सहीचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. हक्काची रक्कम सोडून देण्याचा करार तिच्यानुसार रद्दबातल. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची.

तरी तास दाखवता आले पाहिजेत. मस्टरवर बहुधा ८ ते ८ च असतं, ओव्हर देण्यात (पुढच्या पाळीला पेशंट सोपवण्यात) गेलेला पाऊण तास त्यात कुठेच नसतो. तोही कामाचाच वेळ. रोज घरी गेल्यावर डायरीत आल्याची, सुटल्याची वेळ आणि ओव्हर कोणाला दिली ते लिहा. रोस्टर व्हॉट्सअॅपवर येत असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. पेशंटच्या केसपेपरचे फोटो मात्र काढू नका. नर्सिंग नोट्सवर तुमची सही आणि वेळ असते, गरज पडली तर ती कागदपत्रं अधिकारी मागवून घेतील. "कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) घ्या, हिशोब मिटला" यालाही हो म्हणू नका. तो ऑफ बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीचा. जादा तासांचे पैसेच मिळायला हवेत.

पगाराचंही सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीनं ५० खाटांखालच्या खासगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला किमान २०,००० द्यावेत असं सुचवलं होतं. ती शिफारस आहे, तिच्या जोरावर वसुली होत नाही. पण बोलणी करताना हा आकडा तोंडपाठ असू द्या.

नोकरी टिकवायचीय ना, मग एकट्या जाऊ नका. नाईटच्या चार-पाच जणी मिळून मेट्रनमार्फत (मुख्य परिचारिकेमार्फत) साधा अर्ज द्या : अमुक तारखेपासूनचे जादा तास, दुप्पट दरानं हिशोब, पंधरा दिवसांत उत्तर. भाषा नरम ठेवा, आकडे पक्के. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर एडीनं पाठवा. उत्तर नाही आलं तर ती पोच घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा.