बुडालेल्यांची चित्रं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. (आशीर्वादाने काही घडतं याचा पुरावा माझ्यापाशी नाही. इतकी वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, तरी पत्राच्या माथ्यावर हात आपोआप हेच लिहितो.)

वडिलांची बायपास नीट पार पडली हे वाचून हायसं वाटलं. पुढचं वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आई बाकावर डोळे मिटून प्रार्थना करत बसलेली, डॉक्टर बाहेर येऊन 'सगळं छान झालं' म्हणतात, आई म्हणते 'देवाने ऐकलं', आणि तू तिथल्या तिथे तिला प्रार्थनेवरच्या एका प्रयोगाचे आकडे ऐकवतेस. त्याला आठ दिवस झाले, ती तुझ्याशी कामापुरतंच बोलते. आणि तू मला विचारतेस, 'सर, मी खोटं तर काही बोलले नाही ना?'

खोटं नाही बोललीस. अर्धं वाचून बोललीस. ते मला जास्त लागलं, कारण तक्ते कसे वाचायचे हे तू माझ्याच वर्गात शिकलीस.

तेव्हा आधी तक्ता काढू. तू सांगितलास तो अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतली सहा रुग्णालयं, बायपासचे 1802 रुग्ण, चिठ्ठ्या टाकून केलेले तीन गट. दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी कदाचित प्रार्थना होईल, कदाचित होणार नाही. त्यांतल्या एकासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला मात्र प्रार्थना नक्की होणार हे ठाऊक होतं. पहिल्या गटात 604 पैकी 315 जणांना काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात 597 पैकी 304 जणांना. म्हणजे 52 टक्के आणि 51 टक्के, फरक नाही म्हण. तिसऱ्या गटात 601 पैकी 352, म्हणजे 59 टक्के. तू आईला हाच शेवटचा आकडा ऐकवलास आणि वर म्हणालीस, 'प्रार्थनेने उलट वाईटच होतं.'

तिथे चुकलीस. त्याच निबंधात लिहिलंय की गंभीर घटना आणि तीस दिवसांतले मृत्यू तिन्ही गटांत जवळपास सारखे होते. त्या 59 टक्क्यांचं नीट स्पष्टीकरण आपल्याकडे नाही, तो योगायोगही असू शकतो, असं संशोधकच म्हणतात. 'माझ्यासाठी खास प्रार्थना करतायत म्हणजे प्रकरण बिकट दिसतंय' या धास्तीने काहींचं बिघडलं असेल, असाही तर्क लोकांनी केला. तो तर्कच आहे. एखाद्या भाविकाने एवढ्याच फरकावर 'प्रार्थनेने गुण येतो' असा निष्कर्ष काढला असता, तर तू त्याची साल काढली असतीस. आकडा आपल्या बाजूने पडला की आपली कात्री बोथट होते. माझीही होते.

आता त्या प्रयोगात नेमकं काय तपासलं ते बघ. प्रार्थना करणारे लोक परके होते. त्यांच्या हातात रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर, एवढंच. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस, ठरवून दिलेल्या शब्दांसह. शिवाय ज्यांच्यासाठी 'प्रार्थना नाही' असं कागदावर होतं, त्यांच्या घरच्यांना कोणी थोडंच थांबवलं होतं? तेव्हा तपासलं गेलं ते इतकंच, की अनोळखी माणसांच्या जादा प्रार्थनेने त्या तीस दिवसांतली गुंतागुंत कमी होते का. ती झाली नाही. हे उत्तर स्वच्छ आहे आणि मी ते मानतो. पण बाकावर बसून नवऱ्यासाठी हात जोडणारी बाई त्या तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात नाही. तिच्यापुढे तो नाचवून तू काय सिद्ध केलंस?

याचा अर्थ आईचं बरोबर असाही नाही, बरं का. लगेच पत्र तिला दाखवायला धावू नकोस.

'देवाने ऐकलं' या दोन शब्दांत दोन गोष्टी कोंबलेल्या आहेत. एक सुटकेचा नि:श्वास आहे. त्याला पुरावा मागणं म्हणजे कोणी 'हुश्श' म्हटलं की 'कशावरून?' असं विचारण्यासारखं आहे. दुसरा दावा आहे: प्रार्थना झाली म्हणून रोगी वाचला. 'म्हणून' आलं की मग हिशेब आला. इथे पुष्कळ श्रद्धाळू माणसं एक पळवाट काढतात. माणूस वाचला की 'बघा, प्रचिती आली', आणि दगावला किंवा प्रयोग फसला की 'देवाची परीक्षा घेऊ नये'. दोन्ही चालणार नाही. परीक्षेला बसायचं नाही हे मी मान्य करीन, पण मग पास झालो म्हणून मिरवायचंही नाही.

सिसेरो या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी एक गोष्ट लिहून ठेवलीय. डायागोरस नावाचा एक ग्रीक, नास्तिक म्हणून बदनाम. सॅमोथ्रेस बेटावर एक मित्र त्याला चित्रं दाखवतो. वादळात सापडलेल्या, देवाला साकडं घालून किनाऱ्याला लागलेल्या माणसांनी वाहिलेली चित्रं. 'आता तरी पटतं का, देव माणसांची काळजी घेतो ते?' डायागोरस विचारतो की जे बुडाले, त्यांची चित्रं कुठे आहेत?

वर्गात ही गोष्ट मी दरवर्षी सांगायचो, पोरं हसायची. तुमच्या वर्गात जे सांगितलं नाही ते आज सांगतो. मी विशीत असताना माझी आई तापाने फणफणली होती. शुद्ध हरपली होती. रात्रभर उशाशी हात जोडून बसलो. पहाटे तिने पाणी मागितलं. तीन वर्षांनी वडील. तशीच रात्र, तेच शब्द, तोच मी. उजाडायच्या आत ते गेले. पहिली रात्र मी किती जणांना सांगितली असेल याची मोजदाद नाही. दुसरी कोणालाच सांगितली नाही. लपवायची होती असं नव्हे, तिची गोष्टच होईना. ऐकणाऱ्याने तिचं काय करायचं?

पुढे संख्याशास्त्र शिकताना पहिल्यांदा चार चौकटींचा तक्ता काढला: प्रार्थना केली-वाचला, प्रार्थना केली-गेला, नाही केली-वाचला, नाही केली-गेला. तेव्हा लक्षात आलं की आयुष्यभर मी एकाच चौकटीत टिंबं टाकत आलो होतो. बाकीच्या तीन कोऱ्या. माझी श्रद्धा गेली ती कुठल्या वादात हरून नव्हे, त्या तीन कोऱ्या चौकटींकडे बघून. जाताना आनंद झाला नाही, हेही तुला सांगायला हवं. काही वर्षं रात्री हातांचं काय करावं ते कळत नसे.

तुझ्या चौकटी कशा आहेत? तुझ्या पत्रात भोंदूंची तीन उदाहरणं आहेत, देवाच्या नावावर झालेल्या छळाची दोन, आणि गॅलिलिओ तर आहेच. त्याच्यावरचा 1633 चा खटला खरा, लाजिरवाणाही खरा. पण 'शास्त्रज्ञ तेवढे डोळे उघडे ठेवून बघतात' हे तू ज्या झोकात लिहिलंयस, त्यावर माझा एक उतारा आहे.

1903 साली फ्रान्समधल्या नान्सी इथे ब्लाँड्लो नावाच्या नावाजलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने नवे किरण सापडल्याचं जाहीर केलं. गावाच्या नावावरून त्यांना एन-किरण म्हटलं. ते पडले की अंधूक ठिणगी किंचित उजळते, असं त्याचं म्हणणं. फ्रान्समधल्या इतर कित्येक शास्त्रज्ञांनाही ते दिसू लागले. निबंधांवर निबंध निघाले. पुढच्या वर्षी रॉबर्ट वुड हा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ प्रयोगशाळा बघायला गेला. खोलीत काळोख. ॲल्युमिनियमच्या लोलकातून किरण फाकतात आणि कुठे कुठे पडतात, ते ब्लाँड्लो मोजून दाखवत होता. वुडने अंधाराचा फायदा घेऊन लोलक हळूच उचलून घेतला. ब्लाँड्लो पूर्वीसारखीच मापं सांगत राहिला.

तो लबाड नव्हता. त्याला दिसत होतं. मला वाटतं, माझ्या त्या पहाटे मला जे 'दिसलं', ते असंच होतं. फरक एवढाच की भौतिकशास्त्रात वुडला लोलक उचलायची मुभा होती, उचलल्यावर ते 'नेचर' साप्ताहिकात छापायचीही मुभा होती, आणि छापल्यावर थोड्याच काळात एन-किरण विझले. विज्ञानात माणसं काही वेगळ्या मातीची नसतात. तिथे दुसऱ्याने येऊन लोलक काढला तर त्याला पाखंडी म्हणत नाहीत. निदान म्हणू नये असा दंडक आहे. (प्रत्यक्षात म्हणतात. निवृत्त झालोय म्हणून आता लिहायला हरकत नाही.) कुठल्याही पंथाबद्दल, बुवाबद्दल, गुरूबद्दल, आणि हो, तुझ्या आवडत्या नास्तिक वक्त्यांबद्दलही, मी आता एवढंच बघतो: इथे लोलक उचलू देतात का?

'श्रद्धा की पुरावा, एक काय ते निवडायचं' असं तू लिहिलंस, त्यावर मी फार बोलणार नाही. लमेत्र हा बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतंय हे 1927 साली मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांतला. 1951 मध्ये खुद्द पोपनी अशा संशोधनात बायबलमधल्या निर्मितीला दुजोरा मिळाल्याचं सुचवलं, तेव्हा तो खूश होईल असं कोणालाही वाटलं असतं. तो नाराज झाला. आपल्या गणिताला धर्माचा पुरावा करू नका, असं त्याचं म्हणणं. त्याच्या दोन्ही खोल्या त्याच्याच होत्या आणि मधलं दार तो लावून ठेवायचा. मला तसं जमलं नाही. पण ज्याला जमतं त्याला मी अर्धवट म्हणणार नाही.

आता घरचं. चार्ल्स डार्विन आणि एमा यांचं लग्न 1839 साली झालं. एमा मनापासून श्रद्धाळू, याचा विश्वास उडत चाललेला. लग्नानंतर लवकरच तिने त्याला एक पत्र लिहिलं. शास्त्रात प्रत्येक गोष्ट सिद्ध झाल्याशिवाय मानायची नाही ही सवय, जिथे तशी सिद्धता मिळणारच नाही तिथेही लागू करतोयस का, अशी तिची काळजी होती. मरणानंतर आपण एकमेकांचे राहणार नाही ही भीती त्याखाली. त्याने उत्तरादाखल काय युक्तिवाद केला ते मला महत्त्वाचं वाटत नाही. त्याने ते पत्र जपून ठेवलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं की मी गेल्यावर तुला कळू दे, मी कितीदा याचे मुके घेतलेत आणि यावर रडलोय. 1851 मध्ये त्यांची दहा वर्षांची ॲनी गेली. तो पुढे स्वतःला अज्ञेयवादी म्हणवू लागला, ती प्रार्थनेला जात राहिली. रविवारी तो घरच्यांना चर्चच्या दारापर्यंत सोबत करायचा आणि ती मंडळी आत असेपर्यंत फिरून यायचा. त्याने आपलं मत लपवलं नाही, तिने आपलं सोडलं नाही. त्रेचाळीस वर्षांचा संसार झाला.

आईपुढे गप्प बस असं मी सांगतोय असं समजू नकोस. उद्या ती म्हणाली की प्रार्थना आहे, आता रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कशाला, तर त्या दिवशी कडाकडा भांड. माझं नाव सांग, फोन लाव, काय लागेल ते कर. तिथे माघार नाही. पण तुझ्या पत्रावरून दिसतं की गोळ्यांची वेळ तीच सांभाळतेय, घड्याळ लावून. मग तू नेमकी कशाशी भांडलीस?

निबंधाची प्रत सोबत पाठवतोय. निष्कर्षाचा परिच्छेद मी पेनाने झाकलाय, आधी तक्ते बघ. तिसऱ्या गटातला फरक बहुतांशी कशामुळे आलाय, ते तुझं तू शोधून मला लिही. हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष दे, एवढं सुचवतो.

आणि आईला विचार, त्या बाकावर इतके तास ती मनात नेमकं काय म्हणत होती. तपासायला म्हणून विचारू नकोस. मी माझ्या आईला कधी विचारलं नाही. वडील गेले त्या रात्री दुसऱ्या खोलीत तीही जागीच होती.

वडिलांचे टाके कधी काढणार ते कळव.

तुझे
सर