बैलगाडी शर्यत कुणाच्या हातात: केंद्राच्या, राज्याच्या की कोर्टाच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संघराज्यात एक वाटणी केंद्र आणि राज्यांत असते, दुसरी विधिमंडळ, सरकार आणि न्यायालय यांच्यात. या दोन्ही एकाच वेळी चालतात कशा, शेवटी वरचढ कोण, आणि ग्रामपंचायत यात कुठे बसते?

मी सांगली जिल्ह्यातल्या विट्यात वकिली करतो. आमच्या खानापूर-आटपाडी भागात संविधानाचं पुस्तक न उघडलेल्या माणसालाही या प्रश्नाचं बरंचसं उत्तर माहीत आहे, कारण ते त्याने मैदानात बघितलंय. मैदान म्हणजे बैलगाडी शर्यतीचं. 2011 पासून 2023 पर्यंत या एका शर्यतीवरून दिल्ली, मुंबई, राजभवन, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट सगळे कामाला लागले होते. म्हणून तिथूनच सांगतो.

प्राण्यांना क्रूर वागणूक मिळू नये, हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत समवर्ती सूचीत 17 व्या क्रमांकावर आहे. मूळ संविधानात या अनुसूचीतल्या संघसूचीत 97, राज्यसूचीत 66 आणि समवर्ती सूचीत 47 विषय होते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन केंद्राकडे. पोलीस, शेती, जमीन, बाजार राज्याकडे. समवर्तीतल्या विषयांवर दोघंही कायदा करू शकतात. भाऊ वेगळे झाले, सात-बारा वेगळे झाले, पण विहीर सामाईक राहिली, असा हा प्रकार. आणि दिवाणी कोर्टातला कुठलाही वकील सांगेल की भांडणं जास्त करून विहिरीवरूनच येतात.

संसदेने 1960 मध्ये प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा केला. त्यात बैल शर्यतीत पळवू नका असं कुठे लिहिलं नव्हतं. कोणत्या प्राण्यांना खेळ करायला शिकवायचं नाही आणि लोकांसमोर आणायचं नाही, याची यादी काढण्याचा अधिकार मात्र केंद्र सरकारला दिला होता. त्या अधिकारात 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अस्वल, माकड, वाघ, सिंह यांच्या पंगतीत बैल नेऊन बसवला. म्हणजे कायदा संसदेचा, पण गावातली शर्यत अडली ती अधिसूचनेने. विधिमंडळ चौकट ठरवतं आणि सरकार ती भरतं, हे आपल्याकडे रोज चालतं. लोक मात्र दोन्हीला सरसकट 'सरकारचा कायदा' म्हणतात.

7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने जल्लिकट्टू (तमिळनाडूतला बैलांचा खेळ) आणि बैलगाडी शर्यती दोन्ही बंद केल्या. तमिळनाडूने 2009 मध्ये स्वतःचा कायदा केला होता, तोही गेला. कारण समवर्ती विषयात राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी भिडला तर राज्याचा पडतो, असं कलम 254 सांगतं. मग जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने नवी अधिसूचना काढून शर्यतींना सूट दिली, आणि आठवड्याभरात सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली. तेव्हा आमच्याकडे लोक विचारायचे, की मोदी सरकारने परवानगी दिली तर कोर्ट मध्ये येतंय कशाला? एकदा कायद्याचा अर्थ कोर्टाने लावला, की तो अर्थ नुसत्या कागदाने पुसता येत नाही. निकाल पटत नसेल तर कायदाच बदलावा लागतो, आणि कायदा बदलणं हे मंत्रालयाचं काम नाही, सभागृहाचं आहे.

ते काम 2017 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने केलं. संसदेच्या कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती. राज्य संसदेचा कायदा कसा काय बदलू शकतं? त्याच कलम 254 चा दुसरा भाग त्यासाठीच आहे. समवर्ती विषयावर राज्याने केंद्राच्या कायद्याविरुद्ध जाणारा कायदा केला, तो राज्यपालांमार्फत राष्ट्रपतींकडे गेला आणि त्यांनी संमती दिली, तर त्या राज्यात राज्याचाच कायदा चालतो. राष्ट्रपती हे केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात. तेव्हा मुंबईत ठराव, दिल्लीत सही. सही आली, आणि मग नियम तयार नाहीत म्हणून मुंबई हायकोर्टाने शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टात, तिथून 2018 मध्ये घटनापीठाकडे. दरम्यान खरसुंडीच्या जत्रेत चांगलं खिल्लार खोंड बघून लोक नुसतं पाठीवर हात फिरवून पुढे जायचे. 16 डिसेंबर 2021 ला सशर्त परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाच्या पाच न्यायमूर्तींनी तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

त्या निकालातला एक मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही, यावर 2014 च्या खंडपीठाने स्वतःच मत दिलं होतं. घटनापीठ म्हणालं, हे ठरवणं विधिमंडळाचं काम, आमचं नाही. कायदा करायचा अधिकार होता का, तो रीतीने झाला का, मूलभूत हक्कांना धक्का लागतो का, एवढं आम्ही बघू. शर्यत बरी की वाईट यावर माझं मत वेगळं आहे, ते इथे सांगत नाही. पण कोर्टाने आपली रेघ स्वतःच ओढलेली बघायला मिळणं दुर्मीळ.

आता मैदान भरवायचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हा अधिकारी सहसा केंद्राच्या परीक्षेतून येतो, अखिल भारतीय सेवेतला असतो, आणि त्याची नेमणूक-बदली राज्य सरकार करतं. म्हणजे शेवटची सही करणारा माणूसच अर्धा दिल्लीचा, अर्धा मुंबईचा.

वरचढ कोण, याचं शर्यतीपुरतं उत्तर: एकट्याच्या हाताने कुणालाच ती ना कायमची बंद करता आली, ना चालू. पण म्हणून सगळे सारखे आहेत असं मी म्हणणार नाही. पारडं केंद्राकडे झुकलेलं आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने टिकलेला राज्याचा कायदाही संसद उद्या नवा कायदा करून उडवू शकते, त्याच कलमात तसं परंतुक, म्हणजे अपवादाचं वाक्य, आहे. कुठल्याच सूचीत नसलेला विषय कलम 248 प्रमाणे केंद्राकडे जातो. अमेरिकेत नेमकं उलटं आहे, तिथे 1791 च्या दहाव्या दुरुस्तीने उरलेला अधिकार राज्यांकडे आणि लोकांकडे ठेवलाय. राज्याची हद्द बदलायला संसदेला राज्याचं मत विचारावं लागतं, मानावं लागत नाही. आणीबाणीत, 1976 मध्ये, 42 व्या दुरुस्तीने शिक्षण आणि वनांसह पाच विषय राज्यसूचीतून उचलून समवर्तीत टाकले गेले. असा बदल करायला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते खरी, पण तिकडे सरकारं एकाच पक्षाची असली की ती अट फार जड जात नाही.

आता दुसरी, आडवी वाटणी: विधिमंडळ, सरकार आणि न्यायालय यांच्यातली. पाठ्यपुस्तकात तीन चौकोन काढून मध्ये जाड रेघा मारलेल्या असतात. ते चित्र 1787 च्या अमेरिकी संविधानाचं आहे. तिथे राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य नसतो, मंत्रीही नसतात. आपल्याकडे मंत्री व्हायचं तर आमदार असावं लागतं, नसेल तर सहा महिन्यांत व्हावं लागतं. सभागृहात ज्याचं बहुमत त्याचंच सरकार. त्यात 1985 मध्ये दहावी अनुसूची आली. पक्षाच्या व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षादेशाविरुद्ध, मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. पक्षांतराचा बाजार थांबवायला ती आली, तो थांबला की नाही हे महाराष्ट्रातल्या माणसाला मी काय सांगू! पण आमदाराने स्वतःच्या सरकारला सभागृहात अडवायची शक्यता तिने जवळजवळ संपवली. त्यामुळे विधिमंडळ आणि सरकार यांच्यातली रेघ आपल्याकडे पुसट आहे. सरकारला खरी अडवणूक होते ती दोनच ठिकाणी: कोर्टात, आणि दुसऱ्या पातळीवरच्या सरकारकडून. तुमच्या दोन वाटण्या एकत्र कशा चालतात, याचं माझं उत्तर हेच. आडवी वाटणी जिथे लंगडी आहे तिथला भार उभी, केंद्र-राज्यांतली वाटणी उचलते.

अर्थात कोर्टाची रेघही वर जाड आणि खाली पातळ आहे. कलम 50 सांगतं की न्याय आणि प्रशासन वेगळे ठेवा. पण आमच्याकडे चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई, चालते तहसीलदारांसमोर, आणि फेरफाराचं अपील प्रांतांसमोर. सकाळी टंचाईच्या बैठकीत टँकर मोजणारे साहेब दुपारी दोन भावांच्या नोंदीवर निकाल देतात. सामान्य शेतकऱ्याची कोर्टाशी पहिली गाठ पडते ती अशी, प्रशासनाच्याच खुर्चीसमोर.

उलट हायकोर्टाचं बघा. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, आणि सांगली-साताऱ्यासह सहा जिल्ह्यांची मुंबईवारी वाचली. ते ठरवण्याचा अधिकार संसदेच्या 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींना दिलाय, पण राज्यपालांची मान्यता लागते. न्यायमूर्ती नेमतात राष्ट्रपती, इमारत देतं राज्य. दशकानुदशकं आंदोलनं झाली ती याच सगळ्यांना एका वेळी हो म्हणायला लावण्यासाठी.

एक विषय असा आहे जिथे संविधानाने कोर्टाला मुद्दाम बाजूला ठेवलंय: नदीचं पाणी. पाणी राज्यसूचीत 17 व्या क्रमांकावर आहे, पण आंतरराज्य नद्यांच्या बाबतीत संघसूचीतल्या 56 व्या नोंदीच्या अधीन. आणि कलम 262 मुळे असे तंटे सुप्रीम कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मुभा संसदेला मिळाली, ती तिने 1956 च्या कायद्याने वापरली. मग लवाद. कृष्णेसाठी 1969 मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला, 1976 च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं. पुढे 2004 मध्ये ब्रिजेश कुमार लवाद, त्याचा 2010 चा निर्णय: महाराष्ट्र 666 टीएमसी, आणि कर्नाटकाला अलमट्टी धरणाची उंची 519.6 वरून 524.256 मीटर करायला मोकळीक. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने हा निर्णय राजपत्रात छापायलाच रोखलं, आणि मी हे लिहितोय तोवर तो छापलेला नाही. दाराबाहेर ठेवलेलं कोर्ट अपिलाच्या खिडकीतून आत आलं, आणि कावेरी प्रकरणात 2016 मध्ये त्याने सांगितलं की लवादाविरुद्धचं अपील ऐकायचा आमचा अधिकार शाबूत आहे. आम्हाला हे कोरडं वाटत नाही. कराडजवळच्या टेंभूतून उपसलेलं पाणी आमच्या शिवारात येतं ते याच टीएमसीच्या हिशेबातून, आणि 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं पाहिल्यापासून सांगलीकर अलमट्टीचं नाव ऐकलं की कान टवकारतात. पुराला अलमट्टी किती जबाबदार यावर तज्ज्ञांत वाद आहे, त्यात मी पडत नाही.

ग्रामपंचायतीचं शेवटी सांगतो, कारण तिची जागाही शेवटीच आहे. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होतं. तिथल्या राजाने 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना दिली, आणि ती खालून वर बांधलेली होती: आधी गावाची निवडलेली पंचायत, तिच्यावर तालुका, त्यावर संस्थानची सभा. संस्थान 1948 मध्ये विलीन झालं. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी, गाव सोडून व्यक्तीला घटक मानलं याचा आनंद आहे, असं संविधान सभेत सांगितलं. जातीने विभागलेल्या गावाच्या हाती राज्य देण्यातला धोका त्यांना नीट माहीत होता, आणि मला त्यांचं म्हणणं आजही चुकीचं वाटत नाही.

पंचायतीला घटनात्मक दर्जा मिळाला तो 73 व्या दुरुस्तीने, 24 एप्रिल 1993 पासून. अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत, पण सातव्या अनुसूचीसारखी ती वाटणी नाही. कलम 243-छ म्हणतं की राज्य विधिमंडळ पंचायतींना हे अधिकार देऊ शकेल. देईलच असं नाही. पाच वर्षांची मुदत आणि ती संपण्याआधी निवडणूक, हे मात्र सक्तीचं आहे, आणि तरीही सांगली आणि सातारा जिल्हा परिषदांवर मार्च 2022 नंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. तेव्हा तुमच्या ग्रामपंचायतीला नेमका कशाचा अधिकार आहे हे बघायचं असेल, तर संविधान बाजूला ठेवा आणि 1958 चा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम उघडा. त्यातलं कलम 45 आणि त्याला जोडलेली गावाच्या कामांची यादी आधी वाचा.