पर्यावरणपूरक वस्तूंच्या कंपनीचा लोगो कसा असावा?

काथ्याची घासणी, बांबूचे टूथब्रश आणि कापडी पिशव्या विकणाऱ्या ठाण्यातील आपल्या नव्या कंपनीसाठी तळहातावर पृथ्वी आणि तिच्यावर उगवलेले हिरवे पान असा लोगो चालेल का, असे आपण विचारले आहे. मी वागळे इस्टेटमध्ये वेष्टनांच्या डिझाइनचे काम करतो आणि माझ्या मते तो चालणार नाही. त्या चित्रावरून माल कोणत्या प्रकारचा आहे एवढेच कळते, तो कोणाचा आहे हे कळत नाही. शिवाय ट्रेडमार्क नोंदवताना चिन्हाचे वेगळेपण पाहिले जाते, आणि पाने व पृथ्वीगोल तर सगळ्यांनीच वापरून झाले आहेत.

लोगो कागदावर काढण्याआधी तो कशाकशावर उमटणार आहे हे पाहावे. क्राफ्ट कागदाचा (वेष्टनाच्या जाड खाकी कागदाचा) तपकिरी रंग शाईतून वर येतो, त्यामुळे पडद्यावर टवटवीत दिसणारा पोपटी तिथे मातकट होतो. कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करताना प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि त्या रंगांचा मेळ जरा हलला की पानाची कड पृथ्वीवर सरकते. कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याच्या) खोक्यावर शाई पसरून पानाच्या बारीक शिरा बुजतात. आणि ब्रशच्या बांबूच्या दांडीवर लेसरने कोरायचे असेल, तर तिथे रंगाचा प्रश्नच येत नाही. जळकट तपकिरी रेषा तेवढी राहते, तीही जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीत. म्हणून आधी एकाच रंगात, सेंटिमीटरभर आकारात वाचता येईल असे चिन्ह ठरवावे. हिरवा रंग नंतरही देता येतो.

चित्र आपल्या मालातूनच घ्यावे. काथ्याच्या सुंभाचा पीळ दोन जाड रेषांत छान बसतो (म्हणीने सुंभाला बदनाम केले असले तरी तो दिसायला देखणाच आहे) आणि त्यातून कंपनीच्या नावाचे पहिले अक्षरही घडवता येईल. इथली ओळख म्हणून फ्लेमिंगो मात्र नको. नवी मुंबईत त्यांची आता भिंतोभिंती गर्दी झाली आहे.

पुनर्वापराचे तीन बाण शोभेसाठी लावू नयेत. गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने १९७० मध्ये एका स्पर्धेसाठी काढलेले ते चिन्ह ग्राहक दावा म्हणूनच वाचतो, आणि बांबूच्या ब्रशचे केस बहुधा नायलॉनचे असतात, त्यामुळे तो दावा अंगाशी येऊ शकतो. मडक्याचे चित्रही टाळावे, कारण पर्यावरणपूरक मालाला मिळणाऱ्या १९९१ पासूनच्या सरकारी इकोमार्कची ती ओळख आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिशाभूल करणारी चिन्हेही ग्रीनवॉशिंगमध्ये, म्हणजे पर्यावरणपूरकतेचा खोटा आव आणण्यात, मोडतात. नुसती हिरवी रंगसंगती वापरणे हा दोष नाही.

काम पूर्ण झाल्यावर डिझायनरकडून व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) मागून घ्यावी; आपल्याकडचे बहुतेक छापखाने कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची फाइल मागतात. ट्रेडमार्क मालाच्या वर्गानुसार नोंदवला जातो; ब्रश आणि घासणी २१ व्या वर्गात येतात, पिशव्यांसाठी वेगळा वर्ग घ्यावा लागेल. पैसे दिले म्हणून लोगोचा कॉपीराइट आपोआप आपल्याकडे येतो असे समजू नये. त्याचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी घ्यावे. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षेच धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, म्हणून दोन्ही गोष्टी करारात स्पष्ट लिहून घ्याव्यात.